मुरत ठेवलेला राग

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऑफिसात नवी मेल सिस्टीम आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. जुनी काय वाईट होती? हिच्यात म्हणे एक शब्द टाकला की हवं ते सापडतं. सापडतं खरं, पण हवं ते सोडून बाकी सगळं. आज एका सोसायटीच्या सेक्रेटरीची तक्रार शोधता शोधता चहा गार झाला आणि मी गरम झाले.

आमचा तक्रार विभाग. कंपनी लिफ्टची देखभाल करते, म्हणजे लिफ्ट बंद पडली की लोक आम्हाला शिव्या घालतात आणि आम्ही 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं लिहितो. दिवसभर दिलगीर राहणाऱ्या माणसाच्या पोटात काय साचत असेल, ते फक्त आमच्या मोठ्या बाईंना कळलं होतं. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांनी घालून दिलेली रीत अजून चालू आहे. राग आला की कोरी मेल उघडायची, वर त्या माणसाचं नाव घालायचं आणि मनात येईल ते लिहायचं. नाव घालायचंच. 'नाव घातल्याशिवाय राग तळापासून निघत नाही,' असं बाई म्हणायच्या. लिहून झालं की पाठवायचं नाही, ड्राफ्टमध्ये मुरत ठेवायचं. सकाळी आल्यावर वाचायचं, पुसायचं, आणि मग माणसासारखी मेल लिहायची. आधी हे गिऱ्हाइकांपुरतं होतं. पुढे आम्ही एकमेकांवरचे रागही असेच मुरवायला लागलो. म्हणून आमच्या मजल्यावर कुणी कुणावर ओरडत नाही.

माझ्याखेरीज. मी लिहितेही आणि ओरडतेही. माझं नाव तोफखाना, आणि ते ठेवलं शेजारणीच्या नवऱ्याने. शेजारीण म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची; घर तिचं पार दुसऱ्या टोकाला. भाऊजी रोज दुपारी बाराला आमच्या टेबलावरच्या फोनवर फोन करतात आणि आवाज बदलून तक्रार नोंदवतात. "अहो तक्रार विभाग, लिफ्ट अडकलीय. आत माझी सासू आहे. घाई नाही." इतकी वर्षं ऐकतेय, तरी हसू येतंच. मग मी त्यांना झापते, आणि मगच ते बायकोला फोन द्यायला सांगतात. हल्ली आवाज बदलावा लागत नाही, बसलेलाच असतो. गळ्यात गाठ निघालीय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज संताप झाला. शेजारीण या महिन्यात अर्धा वेळ दवाखान्यात. तिच्या तक्रारी माझ्या टेबलावर. माझं संपवून तिचं उपसायचं, आणि दिवसअखेरी काय केलं ते मेलने कळवायचं, म्हणजे ती दवाखान्याच्या बाकावर बसून माझं नाव टाकून फोनवर शोधते आणि वाचते. मी तक्रार केली नाही. पण आज तिच्या एका जुन्या फाइलीतला घोळ माझ्या अंगावर आला. साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुमचं लक्ष कुठे असतं?" मी घोळ अंगावर घेतला. तिचं नाव सांगितलं नाही.

सुटायच्या आधी बसले आणि लिहिलं. वर तिचं नाव, आणि खाली: 'नवऱ्याच्या आजारपणाचं भांडवल करून किती दिवस माझ्या मानेवर काम टाकणार आहेस? आजारी माणसं सगळ्यांच्याच घरी असतात.' अशी सुरुवात करून पानभर लिहीत गेले. लिहिता लिहिता भाऊजींचा बसलेला आवाज आठवला आणि डोळेच भरून आले. शेवटी काय लिहिलं, तर पुढचे पंधरा दिवस तू येऊच नकोस, मी साहेबांशी भांडते, आणि घरात काही लागलं तर मला हाक मार. राग असाच निघतो. बाई उगीच नाही सांगायच्या.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी पुसून टाकलं. मन कसं लख्ख. शेजारीण माझ्याआधीच येऊन बसलेली. म्हटलं, "आज दवाखाना नाही?" म्हणाली, "नाही." दुपारी डबा घेऊन कुठे गेली कळलं नाही. मी एकटीने खाल्ला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काय म्हणावं या बाईला! आज भाऊजींचं ऑपरेशन, आणि ही सकाळी टेबलावर हजर! मी म्हटलं, "तू इथे काय करतेयस गं?" म्हणाली, "दुपारी आहे. दीर आहेत तिथे. काम पडून राहील." मी म्हटलं, "काम जाऊ दे चुलीत, मी बघते ना." तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजारी माणसं सगळ्यांच्याच घरी असतात."

अशी कोरडी! कुठून शिकली असं बोलायला? गेल्या आठवड्यापासून बघतेय, सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या नंतर जाते, माझ्याकडे गेलेल्या फाइली एकेक करून परत ओढून घेतल्या. साहेबांच्या खोलीत दोनदा जाऊन आली. बाईसाहेबांना बढतीचे डोहाळे लागलेत, दुसरं काय. नवरा टेबलावर आणि ही टेबलावर.

बाराला फोन वाजला. भाऊजीच. आवाज म्हणजे नुसता घोगरा वारा. "तक्रार विभाग का? लिफ्ट खाली चाललीय. आत मी आहे. घाई नाही." मी म्हटलं, "भाऊजी, मेल्यांना म्हणावं नीट चालवा लिफ्ट, नाहीतर मी येते तिकडे!" हसले असावेत, खोकला आला. मग म्हणाले, "तिला द्या." ती जागेवर नव्हती, खाली स्टोअरमध्ये गेली होती, कसले तरी सुटे भाग मोजायला. तिचं कामही नव्हतं ते. मी म्हटलं, "नाही हो, तुमची बायको कंपनी चालवतेय." म्हणाले, "मग तिला सांगा, जेवून घे म्हणावं. आणि तोफखान्याशी भांडू नकोस म्हणावं." एवढं बोलून ठेवला.

मी कशाला भांडतेय? आणि ते पुढे सांगायचं राहूनच गेलं. ती वर आली तेव्हा एका इमारतीत तीन माणसं अडकली होती आणि दोन्ही फोन वाजत होते. सुटका झाली तोवर ती दवाखान्यात निघून गेली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

"ऑपरेशन झालं. बरे आहेत." बस, एवढंच बोलली. मी म्हटलं, भेटायला येते. म्हणाली, "इतक्यात नको." बरं बाई. गाठ काढली की झालं, त्यात लपवण्यासारखं काय आहे देव जाणे. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मला दारातूनच परत पाठवायची वेळ आली.

आणि आता कळलं, बदली मागितलीय तिने. मोठ्या गोदामाजवळच्या शाखेत. मला शिपायाकडून कळलं, शिपायाकडून!

सोमवार, ३ मार्च

गेली. टेबल पुसून, कप उचलून गेली. मी मुद्दाम स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते. तिने "येते" म्हटलं आणि मी "हं" म्हटलं. मग तिच्या नावाने लिहायला बसले, तर एक ओळही सुचेना. राग एवढा होता की वर नाव घालायलाही हात धजेना.

लेक म्हणते, "आई, एकदा सरळ विचार ना तिला, काय झालं म्हणून." मी का विचारू? मी काय केलंय?

बुधवार, १२ मार्च

दोन दिवस झाले, दुपारचा एक निनावी फोन सुरू झालाय. "तक्रार विभाग, बोला." पलीकडे कुणी नाही. नुसती टकटक. कुणीतरी लाकडावर बोटं वाजवतंय. आज चांगली झापली मेल्याला. "दार वाजवायला आलास की फोन करायला? इथे काय रिकामटेकडे बसलेत? तोंड दिलंय ना देवाने, मग बोल की!" तर जोरजोरात टकटकटक, आणि फोन बंद. निर्लज्ज. आधीच बाराच्या वेळेला जीव लागत नाही. पूर्वी याच वेळेला फोन यायचा.

मंगळवार, १८ मार्च



एका गिऱ्हाइकाने मागे आम्हाला 'निर्लज्ज' म्हटलं होतं. ती तक्रार हवी होती, म्हणून नव्या मेलच्या शोधायच्या खिडकीत 'निर्लज्ज' टाकलं. ती तर आलीच. तिच्याखाली आणखी चार आल्या, चारही माझ्या नावाने. एक रिसेप्शनवरच्या मुलीची: 'तुमच्याइतकी निर्लज्जपणे दुसऱ्याच्या डब्यात हात घालणारी बाई मी पाहिली नाही.' एक हिशेबनिसाची. दोन चक्क साहेबांच्या! एकीत: 'निर्लज्जपणालाही वय असतं. तुम्ही निवृत्त होईपर्यंत हा आवाज ऐकायचा की मीच आधी नोकरी सोडायची?' प्रत्येकीच्या दोनच ओळी. पुढचं वाचायला बोट लावलं की पाटी येते: 'आपणास परवानगी नाही.'

माझ्याच नावाची मेल आणि मला परवानगी नाही!

तळपायाची आग मस्तकात गेली. उठले ती सरळ रिसेप्शनवर. "काय गं, कधी घातला मी तुझ्या डब्यात हात?" मुलगी पांढरीफटक. "ताई, ते... ते तुम्हाला कसं कळलं? मी पाठवलंच नव्हतं! मुरत ठेवलं होतं!" आणि लागली रडायला.

तिथे माझी ट्यूब पेटली. ही न पाठवलेली पत्रं आहेत. सगळ्या मजल्याचा मुरत ठेवलेला राग या मेलने उघड्यावर मांडलाय.

बुधवार, १९ मार्च

कॉम्प्युटर विभागाच्या माणसाला आम्ही 'पासवर्ड' म्हणतो, कारण तो नमस्काराच्या जागी "पासवर्ड बदललात का?" असं विचारतो. त्याला ओढत आणून दाखवलं. आधी कानावर हात. "असं होऊच शकत नाही." मग मीच त्याच्या नावाने एक ड्राफ्ट लिहिला, पाठवला नाही, आणि त्याला म्हटलं, आता तुझ्या फोनवर शोध. वाचून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी 'उंटावरून शेळ्या हाकणारा' अशी सुरुवात केली होती.

मग तासभर डोकं घालून बसला आणि सांगितलं ते असं. वर ज्याचं नाव घातलं, त्याचा त्या मेलवर हक्क आहे असं हा शोधणारा भाग धरून चालतो. मेल पाठवली की नाही, हे तो बघतच नाही. उघडू देत नाही, पण पहिल्या दोन ओळी दाखवतो. जानेवारीत नवी मेल आली तेव्हापासूनच.

"आणि इतके दिवस कुणालाच कसं कळलं नाही?"

"कळणार कसं, ताई? जगात कोण न पाठवायच्या मेलवर आधी नाव घालून ठेवतं? लोक मजकूर लिहितात, मग नाव. ही तुमच्या मजल्याचीच तऱ्हा."

म्हणजे दोष त्याच्या यंत्राचा आणि शिक्षा आमच्या रीतीला. चोराच्या उलट्या बोंबा. त्यालाही झापलं.

माझं एक बरं आहे. बाकीचे आळशी, महिनोन्‌महिने ड्राफ्ट तसेच पडून. मी मात्र रोज सकाळी पुसते. माझं कुणाला काही सापडणार नाही.

शुक्रवार, २१ मार्च

साहेबांनी बोलावलं. दार लोटलं, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच ओळखलं, काहीतरी गिळायला लावणार.

"दुरुस्ती चालू आहे. आठवडाभर लागेल. तोवर कुणाला काही बोलू नका."

"म्हणजे लोकांनी आठवडाभर आणखी लिहीत राहायचं? आणि ज्यांचं आधीच वाचलं गेलंय त्यांचं काय?"

"अहो, कळलं तर लोक शोधायला लागतील. नको ते वाचतील. विभाग फुटेल."

"तुमचं वाचलंय मी," मी म्हटलं.

कप बशीत ठेवताना वाजला. "कोणतं?" असं विचारलं हो या माणसाने! म्हणजे माझ्यावर किती लिहून ठेवलंय?

बाहेर आले तर टेबलावरचा फोन वाजत होता. तोच टकटकवाला. त्याच्यावरच सगळं काढलं. "तुला दुसरं कुणी नाही का छळायला? घरी बायको नाही? तिला जाऊन छळ!" हा आज बराच वेळ टकटकत राहिला. ठेवेचना. शेवटी मीच आपटला.

मंगळवार, २५ मार्च

विचार करून करून डोकं भणभणलं. साहेबांचं भय काय आहे ते कळतं. त्यांना त्यांची दोन पत्रं लपवायचीयत. पण इतरांचं काय? हिशेबनीस गेला आठवडाभर रिसेप्शनच्या मुलीशी बोलत नाही. गॅरेजमधले दोन मेकॅनिक सख्खे मेहुणे, ते वेगवेगळ्या वेळेला जेवतात. मी बघत होते, मला वाटत होतं यांना झालंय तरी काय? आता वाटतं, कुणी कुणाचं काय वाचलं असेल, आणि बोलत नाही. ज्याने लिहिलं त्याला तर पत्ताच नाही की ते पोचलंय. तो बिचारा सकाळी पुसून, हात धुऊन, हसत समोर येत असेल.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग तुझंही कुणी वाचलं असेल." मी म्हटलं, "मी सकाळी पुसते." ती म्हणाली, "आणि रात्रभर?" मी म्हटलं, रात्री ऑफिसची मेल कोण बघत बसतं? हिला सगळ्यात नसती खोट काढायची सवय.

आज साडेचारला सगळ्या कंपनीला मेल लिहिली, सगळ्या शाखांना. मुरत ठेवली नाही. लिहिली आणि बटण दाबलं: 'जानेवारीपासून तुम्ही न पाठवलेल्या पत्रांच्या पहिल्या दोन ओळी ज्याच्या नावाने लिहिल्या त्याला दिसत आहेत. तुमच्या नावाने असं काही दिसलं असेल तर ते तुम्हाला पाठवलेलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. मला ते पटलं नाही.' खाली माझं नाव.

इतका हलका जीव कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

गुरुवार, २७ मार्च

चौकशी. लांब टेबलाच्या एका बाजूला तिघं, दुसऱ्या बाजूला मी. मधोमध पाण्याची बाटली, तीही त्यांच्या बाजूला.

विचारलं काय, तर "तुम्ही आपल्या वरिष्ठांचे खाजगी मसुदे का शोधलेत?" मी 'निर्लज्ज' शब्द का शोधला याचं लेखी कारण द्यायचं म्हणे. भोक यांच्या भिंतीला, आणि ज्याने दाखवलं त्याचे डोळे फोडा! मी म्हटलं, "मी शब्द शोधला. त्या शब्दाला तुमचीच माणसं सापडली, त्याला मी काय करू?" पासवर्ड खाली बघून हसला, तेवढाच एक माणूस निघाला.

मग ओरडलेच. "रागात माणूस काय वाट्टेल ते लिहितो. त्या पहिल्या दोन ओळीच सगळ्यात विखारी असतात, पुढे तो निवळतो. तुमच्या यंत्राने नेमक्या त्याच दोन उचलून दाखवल्या. एखाद्याचं घर मोडलं असेल त्याने, तुम्हाला कल्पना आहे? आणि तुम्ही त्याला सांगणारसुद्धा नव्हता!"

साहेब म्हणाले, "आवाज खाली." मी म्हटलं, "निर्लज्जपणालाही वय असतं ना? माझं अजून झालेलं नाही."

लेखी खुलासा सोमवारपर्यंत द्यायचाय. द्या म्हणावं नोकरीवरून काढून. पण घरी येऊन फीचा हिशेब मांडला. लेकीचं शिक्षण संपायला अजून वर्ष आहे.

शुक्रवार, २८ मार्च

कसं लिहू कळत नाही. पण लिहिते.

सुटायची वेळ झाली होती. मी पर्स आवरत होते, आणि समोर शेजारीण उभी. तिच्या शाखेतून थेट आलेली, घामाघूम. वाळलीय. मला वाटलं, माझ्या चौकशीचं कळलं म्हणून आली. जरा बरंही वाटलं. म्हटलं, "बस."

बसली नाही. म्हणाली, "म्हणजे ते तू पाठवलं नव्हतंस?"

"काय?"

तिने घडाघडा म्हणून दाखवलं. "नवऱ्याच्या आजारपणाचं भांडवल करून किती दिवस माझ्या मानेवर काम टाकणार आहेस. आजारी माणसं सगळ्यांच्याच घरी असतात."

पाठ होतं तिला. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"दवाखान्यात बसून तुझं नाव टाकलं, रोज टाकते तसं. हे आलं. उघडलं तर परवानगी नाही. मला वाटलं, पाठवलंस आणि मग लाज वाटून परत घेतलंस. सकाळी बघितलं तर नाहीसंच झालेलं. आणि तू मला विचारतेस, आज दवाखाना नाही?"

मी म्हटलं, "अगं, पुढे वेगळं होतं. पुढे मी लिहिलं होतं की तू येऊ नकोस, मी साहेबांशी भांडते, मी..."

"कुठे आहे ते?"

कुठे असणार? मीच पुसलं होतं.

"तू इथे इतकी वर्षं आहेस, तुला रीत माहीत नाही?" असंही म्हटलं मी. अजून वाद घालत होते, मेलं तोंड माझं.

आणि ती ओरडली. इतक्या वर्षांत तिचा वर चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. सगळा मजला वळून बघायला लागला. "रीत गेली खड्ड्यात! पाठवलं नाहीस, पण लिहिलंस ना? तेव्हा खोटं वाटत होतं तुला? नाही ना? मग! त्या दोन ओळींसाठी मी ऑपरेशनच्या दिवशी इथे बसले. इथे! स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत! मला वाटलं, एकही दिवस कुणाचं मिंधं राहायचं नाही. आणि त्याचा तो शेवटचा दिवस होता बोलायचा!"

मी म्हटलं, "शेवटचा म्हणजे?"

"स्वरयंत्र काढलं त्याचं. तुला काय वाटलं, गाठ काढून टाका घातला? आता पाटीवर लिहितो. सकाळभर तो बोलत असेल, दिराशी, नर्सशी, वॉर्डबॉयशी. मी नव्हते. बाराला इथे फोन केला, तर मी जागेवर नव्हते. शेवटचं तो तुझ्याशी बोलला."

रिसेप्शनची मुलगी फोन वाजत असून उचलत नव्हती.

मग ती बसली. तिच्या जुन्या खुर्चीत. रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "मला राग लिहिता येत नाही. म्हणून सांगायला आले. आणि एक विचारायला. काय म्हणाला होता तो? विचारलं तर पाटीवर 'काही विशेष नाही' लिहितो."

मी सांगितलं. लिफ्ट खाली चाललीय, आत मी आहे, घाई नाही. तिला सांगा, जेवून घे म्हणावं. आणि तोफखान्याशी भांडू नकोस म्हणावं.

"तुझ्या आवाजात नको," ती म्हणाली. "तो म्हणाला तसं म्हण."

मी घोगरा आवाज काढून म्हटलं. माझा आवाज मोठा, तो दाबून दाबून इतका लहान केला की शेवटी नुसता वाराच राहिला. जेवून घे म्हणावं. तिने डोळे मिटले होते.

"परत म्हण."

परत म्हटलं. किती वेळा म्हटलं ते मला ठाऊक नाही.

उठताना म्हणाली, "मी तुला माफबिफ केलेलं नाही. त्याला यातलं काही माहीत नाही, मी सांगणारही नाही. तू त्याला आवडतेस. दवाखान्यातून घरी आल्यापासून रोज बाराला इथे फोन लावतो. बोटं वाजवतो, तू झापतेस, मग हसत बसतो. पाटीवर लिहून मला दाखवतो, आज काय काय म्हणाली. मागे एकदा लिहिलं होतं, 'म्हणते तोंड दिलंय ना देवाने!' आणि हसून हसून डोळ्यांत पाणी."

ती गेली. मी दिवे गेले तरी तशीच बसून होते. शिपायाने येऊन म्हटलं, "ताई, कुलूप लावायचंय."

सोमवार, ३१ मार्च

खुलासा दिला. एकाच ओळीत: 'शोधलं, सापडलं, सांगितलं.' आता काय करायचं ते त्यांनी करावं. साहेबांनी वाचला आणि खणात टाकला. मेल दुरुस्त झाली म्हणे. मजल्यावर आज कुणीच काही मुरत ठेवलं नसावं. हिशेबनीस आणि रिसेप्शनची मुलगी जिन्यात चांगलीच भांडत होती.

अकरापासून फोनकडे बघत होते. सकाळभर ठरवत होते, काय बोलायचं. भाऊजी, मला माहीत नव्हतं हो, असं? कसे आहात, असं? उत्तर कसं देतील? रडू आलं तर त्यांना कळेल, आणि मग तिने जे सांगितलं नाही ते सगळं बाहेर येईल.

बाराला वाजला.

"तक्रार विभाग, बोला."

टकटक.

वाटलं, ठेवून द्यावा. दोन्ही हातांनी फोन धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला. "आलात पुन्हा? शुक्रवारी शेवटचं सांगितलं होतं ना? लिफ्ट अडकलीय का? आत कोण आहे? सासू आहे? मग राहू दे तिला तिथेच, आणि तुम्ही जिना चढा! काम नाही, धंदा नाही, रोज बाराला माझ्या डोक्यावर मिरी वाटायला बसता! उद्या फोन केलात तर याद राखा!"

पलीकडे कितीतरी वेळ टकटकटकटक चालू होती. मी ठेवला नाही. झापत राहिले.